दोन वर्षांचा करार : इंग्रजीचे परदेशी शिक्षक आखातात का जातात?

१० ऑगस्ट १९२५. लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये वैयक्तिक जाहिरातींच्या स्तंभात चार ओळींचा एक मजकूर छापून आला. पूर्वेकडील एका राज्यात नोकरीसाठी पब्लिक स्कूल किंवा विद्यापीठात शिकलेला तरुण गृहस्थ हवा होता. वय २२ ते २८, प्रकृती धडधाकट, शिफारसपत्रे उत्तम. भाषा येत असतील तर अधिक बरे. पगार चांगला मिळेल, असे आश्वासन होते. राज्य कोणते आणि काम काय, याचा मात्र पत्ता नव्हता.

वयाची अट ओलांडलेल्या चार्ल्स बेलग्रेव्ह नावाच्या गृहस्थांनी तरीही अर्ज केला. ते राज्य निघाले बहरीन. १९२६ साली बेलग्रेव्ह तेथे पोहोचले आणि १९५७ पर्यंत तेथील शासकांचे सल्लागार म्हणून राहिले. पुढे लिहिलेल्या आठवणींना त्यांनी 'पर्सनल कॉलम' हेच नाव दिले.

बेलग्रेव्ह शिक्षक नव्हते. तरीही आजच्या धाग्याची सुरुवात त्यांच्यापासून करतो आहे, कारण आखातातील शिक्षकभरतीच्या आजच्या जाहिराती वाचल्या की त्या चार ओळी आठवतात. चांगला पगार, वैद्यकीय तपासणी, शिफारसपत्रे यांचा उल्लेख तेव्हाही होता, आजही असतो. तिथे किती वर्षे राहता येईल आणि राहून शेवटी तुम्ही तिथले कोण व्हाल, हे तेव्हाही सांगितले नव्हते, आजही सांगत नाहीत.

तर प्रश्न असा : ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, दक्षिण आफ्रिका इथले इंग्रजीचे शिक्षक सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत, कतार, ओमान इथे का जातात? "करमुक्त पगार" हे तयार उत्तर सर्वांना ठाऊक आहे. ते खोटे नाही, पण त्याने प्रश्न अर्धाच सुटतो. एखादे राज्य परक्या माणसाला एवढे पैसे, वर राहायला घर आणि वर्षाकाठी विमानाचे तिकीट का देते? आणि शिकलेसवरलेले, प्रशिक्षित शिक्षक स्वतःचा देश सोडून ते घ्यायला का जातात? दोन्ही टोकांना इतिहास आहे. धागा थोडा लांबेल, सवडीने वाचा.

आधी तेलापूर्वीचे आखात पाहू. कुवेतची मुबारकिया शाळा १९११ची, दुबईची अहमदिया १९१२ची, बहरीनमधील मुहर्रकची हिदाया शाळा १९१९ची. या शाळांमागचा पैसा मुख्यतः व्यापाराचा, त्यातही मोत्यांचा होता. आणि हा मोती विकला जाई मुंबईच्या बाजारात.

हा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. १८७३ पर्यंत आखातातील ब्रिटिश रेसिडेंटचा कारभार मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आखाती बंदरांत भारतीय रुपया चालत असे. १९५९मध्ये तर रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळा रुपया काढला. जेद्दाचे मोठे मोत्यांचे व्यापारी मुहम्मद अली झैनल अलीरझा दीर्घकाळ मुंबईत राहिले. जेद्दा आणि मक्का येथील 'फलाह' शाळा त्यांनीच स्थापन केल्या. त्याच नावाच्या शाळा पुढे दुबई, बहरीन आणि मुंबईतही निघाल्या. आखाताच्या शिक्षणाच्या इतिहासात आपल्या शहराचे नाव असे अधूनमधून उमटत राहते.

मग जपानी संवर्धित मोती बाजारात आले, त्यातच १९२९ची जागतिक मंदी आली. मोत्यांचा भाव कोसळला. दुबईतल्या शाळा बंद पडल्या. अहमदियाही काही वर्षे बंद होती. आखातात शाळा आणि शिक्षक हे एकाच मालाच्या भावावर तरंगतात, हे तेलाच्या आधीच सिद्ध झाले होते. पुढे माल बदलला, एवढेच.

बहरीनमध्ये १९३२ साली तेल लागले आणि सौदी अरेबियात धहरानजवळ १९३८ साली. इथे इंग्रजीचा प्रवेश कसा झाला, ते लक्षात घेण्यासारखे आहे. भारतात इंग्रजी कचेरी, न्यायालय आणि महाविद्यालय या वाटेने आली. सौदी वाळवंटात ती आली कारखान्यातून. झडप उघड, वाफ बंद कर, हा आकडा नोंदव. कामगाराला एवढे समजावे म्हणून कंपनीने वर्ग चालवले. अरामकोच्या 'जेबेल स्कूल' नावाच्या साध्याशा शाळेत शिकलेला एक बेदुईन मुलगा १९४७ साली कंपनीत हरकाम्या पोऱ्या म्हणून लागला. त्याचे नाव अली अल-नइमी. तो पुढे त्याच कंपनीचा प्रमुख झाला आणि १९९५ ते २०१६ अशी २१ वर्षे सौदी अरेबियाचा तेलमंत्री होता. इंग्रजी आली तर माणूस कुठे पोहोचू शकतो, याचे याहून ठळक उदाहरण त्या समाजाला दुसरे कुठे शोधण्याची गरज नव्हती.

आता शाळांकडे वळू. तेलाचा पैसा आला, पण स्थानिक शिक्षक कोठून आणायचे? पहिला पर्याय साहजिकच भाषाबंधूंचा होता. १९३६मध्ये पॅलेस्टाइनमधून चार शिक्षक कुवेतला आले आणि कुवेतच्या नव्या शिक्षणव्यवस्थेचा पाया त्यांच्या हातून घातला गेला. १९५३मध्ये शारजात पहिली आधुनिक शाळा निघाली, ती कुवेतच्या मदतीने. त्यानंतरच्या दशकांत इजिप्त, सिरिया, जॉर्डन, सुदान येथून हजारो शिक्षक आले. आजचे आखाती राज्य ज्यांनी अक्षरशः अक्षरओळखीपासून उभे केले, ते हे लोक. इंग्रजी शिक्षकांच्या चर्चेत त्यांचा उल्लेखही होत नाही, हे मला नेहमी खटकते.

पण अरब शिक्षक केवळ व्याकरण घेऊन आला नाही. त्याच्यासोबत नासर आले, अरब राष्ट्रवाद आला, मुस्लिम ब्रदरहूड आली, पॅलेस्टाइनचा प्रश्न आला. १९५३पासून कैरोहून 'सौत अल-अरब' हे नभोवाणी केंद्र घराघरांत बोलत होते आणि त्याच बोलीत शिक्षक वर्गात बोलत होता. राजघराण्यांना आणि त्यांच्या ब्रिटिश संरक्षकांना याची धास्ती वाटणे स्वाभाविक होते.

या नात्याचा सर्वांत क्रूर शेवट कुवेतमध्ये झाला. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले. पॅलेस्टिनी नेतृत्वाचा कल सद्दामकडे असल्याचे दिसले आणि १९९१मध्ये मुक्ती मिळाल्यावर त्याची किंमत कुवेतमधील सामान्य पॅलेस्टिनी कुटुंबांनी मोजली. आक्रमणापूर्वी तेथे सुमारे ४ लाख पॅलेस्टिनी राहत होते; त्यानंतर काही दशसहस्रच उरले. ज्यांनी दोन पिढ्यांना शिकवले होते, ते शिक्षकही त्यात होते.

इथे एक अनुमान मांडतो. पटले नाही तर जरूर खोडून काढा. मँचेस्टरहून किंवा डब्लिनहून आलेला शिक्षक राज्यकर्त्यांच्या दृष्टीने सोयीचा होता, तो केवळ त्याच्या उच्चारांमुळे नव्हे. त्याला विद्यार्थ्यांची भाषा येत नव्हती. तो वर्गात भूतकाळाची रूपे शिकवू शकत होता. मशिदीबाहेर, चहाच्या दुकानात, पालकांच्या दिवाणखान्यात त्याचा शब्द चालणार नव्हता. तो इथे मुळे रुजवेल, अशी भीती नव्हती. परकेपणा ही त्याची उणीव नव्हती. नेमणुकीची ती न लिहिलेली पात्रता होती.

मात्र केवळ भीतीपोटी कोणी एवढा खर्च करत नाही. खरी मागणी विद्यापीठांनी निर्माण केली. १९७०पूर्वी संपूर्ण ओमानमध्ये आधुनिक शाळा होत्या तीन, मस्कत, मत्रह आणि सलालाह येथे, आणि त्यांत शिकणारे मुलगे सुमारे ९००. मुलींसाठी एकही नव्हती. १९७३च्या तेलसंकटात पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत जवळजवळ १२ डॉलरवर गेला, आणि साऱ्या आखातात शाळा-महाविद्यालये उभारण्याची घाई सुरू झाली. धहरानचे पेट्रोलियम महाविद्यालय १९६३पासून होतेच; १९७५मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. अल ऐन येथे १९७६मध्ये अमिरातींचे पहिले विद्यापीठ निघाले, मस्कतचे सुलतान काबूस विद्यापीठ १९८६मध्ये आणि अमिरातींची उच्च तंत्रमहाविद्यालये १९८८मध्ये.

अभियांत्रिकी, वैद्यक, तंत्रशिक्षण यांचे माध्यम बहुतेक ठिकाणी इंग्रजी ठरले. शाळेचे माध्यम मात्र अरबीच होते. बारा वर्षे अरबीत शिकलेला विद्यार्थी पहिल्याच दिवशी इंग्रजीतले भौतिकशास्त्र कसे समजून घेणार? म्हणून मधे एक पूल टाकला गेला : पायाभूत वर्ष. वर्षभर फक्त इंग्रजी आणि थोडे गणित, आणि मगच पदवीचा अभ्यासक्रम. हा पूल तात्पुरता असणार होता; शाळा सुधारल्या की त्याची गरज संपेल, असे मानले गेले होते. तो आजही उभा आहे. इंग्रजी शिक्षकांच्या आखाती नोकऱ्यांचा फार मोठा भाग या एका वर्षावर पोसला गेला आहे.

(कतारने २०१२मध्ये सरकारी विद्यापीठातील अनेक अभ्यासक्रम पुन्हा अरबीत नेले. स्वतःच्या देशात, स्वतःच्या भाषेत पदवी घेता येत नाही, अशी तक्रार तेथील नागरिक करत होते. मराठी वाचकाला ही तक्रार समजावून सांगायला नको.)

हे झाले मागणीचे टोक. आता विमान जिथून सुटते, तिकडे जाऊ.

१९६२मध्ये लंडनच्या 'इंटरनॅशनल हाउस' या संस्थेत जॉन हेक्राफ्ट यांनी इंग्रजी शिकवण्याचा एक अल्पकालीन प्रशिक्षणवर्ग सुरू केला. त्यातून पुढे चार आठवड्यांच्या जगप्रसिद्ध प्रमाणपत्राची परंपरा निर्माण झाली. चार आठवड्यांत व्यवसाय! पदवी घेतलेला तरुण हे प्रमाणपत्र घेऊन माद्रिद, रोम, अथेन्स गाठू लागला. मजा होती, पण पैसा नव्हता : तासावर वेतन, उन्हाळ्यात सुट्टी म्हणजे उपासमार, निवृत्तिवेतनाचे नाव नाही. विशीत हे चालते. पस्तिशीत, लग्न झाल्यावर, चालत नाही. या व्यवसायात टिकून राहायचे आणि तरीही गृहस्थासारखे जगायचे, तर जगाच्या नकाशावर फारच थोड्या जागा उरतात, आणि आखात ही त्यांतली सर्वांत ठळक. म्हणून तिथल्या विद्यापीठांत भेटणारा इंग्रजीचा शिक्षक बहुधा भटकंतीला निघालेला पोरगा नसतो. हाती पदव्युत्तर पदवी आणि पाठीशी दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेला प्रौढ माणूस असतो.

दुसरा गट शाळेतल्या रीतसर परवानाधारक शिक्षकांचा. इथे आयर्लंडचे उदाहरण घ्यावेच लागेल. २००८मध्ये तेथील अर्थव्यवस्था कोसळली. १ जानेवारी २०११पासून सरकारी सेवेत नव्याने येणाऱ्यांचे वेतन १० टक्क्यांनी कमी करण्यात आले. म्हणजे एकाच शाळेत, शेजारशेजारच्या वर्गांत, एकच विषय शिकवणाऱ्या दोन शिक्षकांना केवळ रुजू होण्याच्या तारखेवरून वेगळे वेतन. त्यातही कायम नोकरी मिळेलच असे नाही. आणि नेमक्या याच सुमारास, २०१०मध्ये, अबू धाबीच्या शिक्षण परिषदेने सरकारी शाळांत 'नवे शालेय प्रतिमान' लागू केले : लहान वर्गांपासून इंग्रजी, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, आणि त्यासाठी इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या देशांतून शिक्षकांची मोठी भरती. एका टोकाला दार लागले आणि दुसऱ्या टोकाला उघडले. आज अमिरातींत आयरिश शिक्षक इतके आहेत की गेलिक फुटबॉलचे संघही तिथे रुजले आहेत.

इंग्लंडमध्येही फार वेगळे घडत नव्हते. विद्यापीठाच्या शुल्काची कमाल मर्यादा २०१२मध्ये ९,००० पौंडांवर गेली. शिक्षकांची वेतनवाढ आधी दोन वर्षे गोठवली, नंतर १ टक्क्यावर रोखली. दक्षिण आफ्रिकेचे कारण आणखी साधे आहे : रँड घसरत राहतो आणि दिरहम घसरत नाही. १९९७पासून १ डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम आणि १९८६पासून ३.७५ सौदी रियाल, हे दर जागचे हललेले नाहीत. जोहान्सबर्गला घर घेणाऱ्या शिक्षिकेसाठी अबू धाबीतला पगार म्हणजे वस्तुतः डॉलरमधला पगार.

सगळेच पैशासाठी जातात असेही नाही. ब्रिटन, अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेतील अनेक मुस्लिम शिक्षकांसाठी मक्का-मदिनेच्या जवळ राहणे, आणि शिक्षकखोलीत हिजाबवरून कोणी टोकणार नाही अशा जागी काम करणे, हेच मुख्य कारण असते. पैशाच्या हिशेबात ही माणसे अदृश्य होतात.

आता खुद्द कराराकडे पाहा, कारण इतिहास तिथे उघडपणे लिहिलेला आहे. राहण्याची जागा किंवा तिचे भाडे, वर्षातून एकदा मायदेशाचे तिकीट, आरोग्यविमा, कधी मुलांची फी. आणि शेवटी ग्रॅच्युइटी. अमिरातींच्या कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन, त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचे. सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचे वेतन, पुढे पूर्ण महिन्याचे. सोडून जाण्याच्या दिवशी ही रक्कम एकदम हातात पडते. निवृत्तिवेतन माणसाला एका जागेशी बांधून ठेवते; ही निरोपाची रक्कम आहे. परतीच्या तिकिटाची तरतूद नेमणुकीच्या पत्रातच झालेली असते.

पण गंमत अशी की, जाण्यासाठी आखलेली हीच व्यवस्था माणसाला राहायला लावते. दोन वर्षांसाठी आलेला शिक्षक पहिल्या करारात शिक्षणाचे कर्ज फेडतो. दुसऱ्या करारात घराची सुरुवातीची रक्कम जमवतो. तोवर पाचवे वर्ष दिसू लागते आणि ग्रॅच्युइटीचा दर वाढणार असतो. मग मुलाची शाळा मध्येच कशी सोडवायची? अशी पंधरा वर्षे जातात. मायदेशातली सेवाज्येष्ठता गेलेली असते, तिथले निवृत्तिवेतन तुटपुंजे झालेले असते आणि इथले नागरिकत्व मिळणार नसते.

कारण निवासाचा परवाना नोकरीला बांधलेला असतो आणि नोकरी प्रायोजकाला. हीच कफाला पद्धत. तिला सरसकट 'वाळवंटातील जुनी चाल' म्हणण्याचा प्रघात आहे. बहरीनचे अभ्यासक ओमर अल-शेहाबी यांनी मात्र तिची मुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ब्रिटिश प्रशासनाच्या मजूरनियंत्रणात दाखवली आहेत. म्हणजे बेलग्रेव्ह ज्या व्यवस्थेचे कारभारी होते, त्याच काळात. अलीकडे कतारने २०२० आणि सौदीने २०२१ साली तिचे काही जाच सैल केले. मात्र बांधकाम मजुराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवणे आणि प्राध्यापकाला नोकरी बदलताना ना-हरकत पत्र न मिळणे, यांना एकाच तराजूत घालू नये. कायदा एक होता. त्याचे ओझे सर्वांवर सारखे नव्हते.

आणि इथेच पासपोर्टचा प्रश्न येतो. जाहिरातींत 'मातृभाषा इंग्रजी' असे लिहिलेले असते आणि पुढे बहुधा देशांची यादी : ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. ही यादी भाषेची नाही, पासपोर्टांची आहे. इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे ती मातृभाषा असलेला माणूस, हा समज १९६१मध्ये युगांडातील मकेरेरे येथे भरलेल्या परिषदेनंतर अध्यापनशास्त्रात घट्ट बसला, असे रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२च्या 'लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम' या ग्रंथात दाखवले आणि त्याला बिनबुडाचा ठरवले. ग्रंथ गाजला, परिसंवाद झाले. जाहिराती फारशा बदलल्या नाहीत.

पुण्यात किंवा नागपुरात इंग्रजीत एम. ए., बी. एड. केलेली मराठी शिक्षिकाही आखातात जाते. तिची नेमणूक बहुतेक वेळा भारतीय शाळेत होते. बहरीनची भारतीय शाळा १९५०ची, दुबईचे इंडियन हायस्कूल १९६१चे. या शाळांनी केलेले काम मोठे आहे. पण तिथली फी भारतीय पालकांना परवडेल अशी ठेवावी लागते आणि शिक्षकांचा पगार त्या फीतूनच निघतो. विमानतळ तोच, विषय तोच, वर्गातले व्याकरणही तेच. करारनामा मात्र दुसरा. तेलकंपन्यांच्या सुरुवातीच्या कचेऱ्यांत हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळायला भारतीय कारकून होते. बहरीनी पोरांच्या कानावर पडलेली कचेरीतली इंग्रजी बऱ्याच अंशी या भारतीयांच्या तोंडची होती. ही गोष्ट त्या सात देशांच्या यादीशेजारी ठेवून पाहावी.

वर्गाबद्दल थोडेसे. इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकांत 'पार्स्निप' नावाचा संकेत आहे. ते एका कंदाचे नाव. पण इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की राजकारण, मद्य, धर्म, लैंगिकता, अमली पदार्थ, विचारप्रणाली आणि डुकराचे मांस असे सात वर्ज्य विषय निघतात. 'हेडवे' या गाजलेल्या पाठ्यपुस्तकाची मध्यपूर्वेसाठी वेगळी आवृत्तीच निघाली. लंडनच्या पबमधला संवाद कॉफीच्या दुकानात गेला. वर उल्लेखिलेला, फक्त व्याकरण शिकवणारा निरुपद्रवी शिक्षक आठवा. हे त्याचे पुस्तक.

आजची स्थिती? २०१४मध्ये १०० डॉलरच्या वर असलेले तेल जानेवारी २०१६मध्ये ३० डॉलरच्या खाली आले आणि करारांतील सवलती आक्रसू लागल्या. २०१८मध्ये सौदी आणि अमिरातींत ५ टक्के मूल्यवर्धित कर आला. सौदीत तो २०२०मध्ये १५ टक्के झाला. प्राप्तिकर अजूनही नाही, पण 'करमुक्त' हा शब्द पूर्वीइतका निर्भेळ राहिलेला नाही. दुसरीकडे सौदीने २०२१पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. अमिरातींनी २०१९पासून निवडक लोकांना दीर्घ मुदतीचा 'गोल्डन व्हिसा' देऊ केला. आणि त्याच अमिरातींच्या नव्या कामगार कायद्याने २ फेब्रुवारी २०२२पासून खासगी क्षेत्रातील बेमुदत करार बंद केले. आता तिथे होणारा प्रत्येक करार मुदतीचाच असतो. तारीख संपली की नव्याने सही.

तुमच्या घरातले किंवा ओळखीतले कोणी आखातात शिकवत असेल, तर त्यांच्या कराराची हकीकत खाली जरूर लिहा. नावे नकोत, वर्ष आणि देश पुरे. पुढचा धागा आखाती रुपयावर आणि ६ जून १९६६च्या अवमूल्यनाने तो कसा संपवला, यावर.